मागचा माणूस

मलकप्पा मिस्त्री रस्त्यानं चालताना दर सात-आठ पावलांनी मागे वळून बघायचे. मागून कोणी हाक मारलेली नसायची, कुत्रं लागलेलं नसायचं, खिशातून काही पडलेलंही नसायचं. मान वळायची, डोळे मागचा रस्ता एकदा चाचपायचे आणि मिस्त्री पुन्हा चालू लागायचे. टांग्यात बसले तर टांगेवाल्याकडे पाठ करून बसायचे. आमच्या कारखान्यातले हमाल मुद्दाम त्यांच्या मागे दबकत चालायचे आणि त्यांची मान वळली की एकदम आभाळाकडे बघत उभे राहायचे.

"मिस्त्री, भूत लागलंय व्हय मागं?" असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "भूत आसलं तर बरं की. दिसंल तरी."

हा विनोद आहे असं समजून आम्ही हसायचो. मीही हसलोय, चांगला पोट धरून हसलोय. त्याची लाज अजून जात नाही.

मी तेव्हा सोलापुरात कापसाच्या प्रेसमध्ये काट्यावर कारकून होतो. प्रेस म्हटलं की लोकांना छापखाना वाटतो. आमच्या प्रेसमध्ये अक्षराचा संबंध नव्हता. सरकी काढलेला कापूस एका लोखंडी पेटीत भरायचा, खालून जाडजूड खांब वर यायचा आणि त्या ढिगाची दगडासारखी गाठ करून टाकायचा. खांबाला वर ढकलायचं ते पाणी. पंपानं नळकांड्यात कोंबलेलं, साबण कालवलेलं साधं पाणी. ते गळू नये म्हणून खांबाभोवती चामड्याच्या वाट्या बसवलेल्या असत. या पाण्याचे आणि या वाट्यांचे धनी मलकप्पा मिस्त्री.

माणूस बुटका आणि रुंद. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, ते दुपारपर्यंत घामानं दोन व्हायचे. मूळ गाव अक्कलकोटच्या खाली कुठंसं. घरात कानडी, प्रेसमध्ये मराठी आणि पंपाशी बोलताना दोन्हींतल्या निवडक शिव्या. कारखान्यात ते कोणाच्या हातचं पाणी पीत नसत. घरून तांब्या आणत आणि तो खिडकीत उंच ठेवत. त्यांच्या उस्तादानं त्यांना सात वर्षं नुसती हत्यारं पुसायला लावली होती. आठव्या वर्षी उस्ताद अंथरुणाला खिळला, तेव्हा कुठे पंपाचा व्हॉल्व्ह यांच्या हाती आला. त्यामुळे असेल, पण व्हॉल्व्ह उघडायची वेळ आली की मिस्त्री सगळ्यांना बाहेर काढत. बाहेर काढता येण्यासारखं नसेल तर उपरणं पसरून त्याच्याखाली हात घालून काम करत.

"इद्या दाखिवली की पातळ हुती, बापूराव," ते मला म्हणत.

एकदा मुंबईहून एक इंजिनिअर आला. सुटाबुटातला, हातात वही. आमचा प्रेस इतका कमी गळतो कसा, हे त्याला बघायचं होतं. शेठजी त्याला मोठ्या कौतुकानं पंपाशी घेऊन आले. मिस्त्रींनी दोघांना रामराम केला, उपरणं पंपावर टाकलं आणि स्वतः त्यावर मांडी घालून बसले. शेठजींनी डोळे वटारले, दात खाल्ले, शेवटी गोड बोलून पाहिलं. मिस्त्री हलले नाहीत. "हितं काय न्हाय, साहेब," ते म्हणाले, "पानी हाय नुसतं." इंजिनिअर हसत हसत निघून गेला. शेठजींनी नंतर त्यांना काय काय ऐकवलं ते सांगण्यासारखं नाही. पण काढून टाकलं नाही. असा मिस्त्री त्यांना दुसरा मिळणार नव्हता, आणि हे दोघांनाही पक्कं माहीत होतं.

कापसाचा हंगाम संपला की प्रेस पावसाळा सरेपर्यंत गप्प. शेठजींना मात्र यंत्र आणि माणूस रिकामं बसलेलं बघवत नसे. त्यांनी कुठल्याशा लिलावात एक जुना ट्रॅक्टर घेतला आणि उन्हाळ्यात तो भाड्यानं नांगरटीला द्यायला सुरुवात केली. आमच्याकडच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा ही तणं माजतात. मुळ्या इतक्या खोल की आठ बैलांचा नांगरही वरवर खरवडून परत येतो. त्यामुळे लोक इंजनाच्या नांगराची वाट बघत. घासलेटवर चालणारं, लोखंडी काटेरी चाकांचं ते धूड गावात शिरलं की म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावरून उठून बघायला यायची.

ट्रॅक्टर मिस्त्री चालवत. मागे नांगर साखळीनं ओढला जाई. नांगराला स्वतःची दोन चाकं होती आणि वर एक लोखंडी बैठक. त्या बैठकीवर एक माणूस बसवावा लागे. तास, म्हणजे नांगराची एक ओळ, संपून नांगर रानाच्या टोकाला पोचला की त्यानं हातातली लांब दांडी जोर लावून ओढायची, फाळ मातीतून वर काढायचे, ट्रॅक्टर वळला की पुन्हा खाली सोडायचे. पुढे इंजिन असं गरजायचं की मागच्याचं पुढच्याला ऐकू येत नसे आणि धुळीत तो धड दिसतही नसे.

मी प्रेसमध्ये लागलो त्याच्या आदल्या उन्हाळ्यापर्यंत या बैठकीवर सिद्राम बसत असे, मिस्त्रींचा धाकटा भाऊ. गाणी म्हणत बसायचा म्हणे. पुढे काही ऐकू जात नाही हे ठाऊक असूनही घसा ताणून म्हणायचा. हे मला हमालांनी सांगितलं. पुढचं मिस्त्रींनी सांगितलं, एकदाच.

मी वजनं पुसायला चिंध्या आणायला म्हणून शेडमध्ये गेलो होतो. मोडीत काढलेल्या एका छोट्या प्रेसचं नळकांडं मांडीवर घेऊन मिस्त्री त्याला कानशीनं घासत बसले होते. नळकांडं म्हणजे हातभर लांबीचं, मनगटाएवढं जाड.

"हे काय, मिस्त्री?"

"हात."

"कुणाचा?"

"नांगराचा," ते म्हणाले आणि घासता घासताच सांगू लागले. "वैरागच्या वाटंला एक रान हाय. मी पुडं, सिद्राम मागं. तास संपला. मी वरडलो, वर घे. नांगर काय वर येईना. परत वरडलो, झोपलास काय रं? मागं बगितलो तर बैठक रिकामी. फाळाला दगड लागून दांडी उसळली आसंल. कवा पडला, कुटं पडला, मला ठाव न्हाय. मी आपला चालवत ऱ्हायलो. आक्का तास."

कानस थांबली नाही.

"मातीत हुता. मीच उलथलेली माती त्येच्या अंगावर."

 मी चिंध्या घेऊन उगाच उभा राहिलो. नळकांड्यावरचा कीस फुंकून ते म्हणाले, "मागं बसलेलं माणूस दिसत न्हाय, बापूराव. म्हनून मागं माणूसच नको."

एवढंच त्यांना हवं होतं. शेठजींना वाटलं, मिस्त्री यंत्र सुधारतोय, आपला एक मजूर वाचेल. गावाला वाटलं, मिस्त्रीला नाव काढायचंय. मलकप्पा मिस्त्रींना फक्त ती बैठक रिकामी हवी होती.

त्यांची युक्ती अशी होती. जे पाणी एवढाली गाठ दाबतं ते नांगर उचलायला काय जड? नांगराची चाकं काढून टाकायची आणि तो दोन लोखंडी हातांवर थेट ट्रॅक्टरच्या पाठीला लटकवायचा. नळकांडं मधे बसवायचं. इंजिनच्या पट्ट्यावर छोटा पंप चालवायचा. चालवणाऱ्याच्या उजव्या हाताशी एक मूठ. मागे ओढली की नांगर वर, पुढे ढकलली की खाली. आज हे ऐकून कोणाला काही वाटणार नाही. तेव्हा लोहारानं ऐकलं आणि तो म्हणाला, "मिस्त्री, गाय शेपटी उचलती तसं म्हंताय का काय?" मिस्त्री म्हणाले, "व्हय. तसंच."

हिवाळाभर हंगाम सांभाळून ते यामागे लागले होते. लोखंडाचं काम जमलं, पंप जमला. अडलं ते नळकांड्यात काय भरायचं यावर. पाणी भरलं तर निम्मं उडून जायचं, निम्मं गळायचं आणि आतून गंज धरायचा. इंजिनचं तेल मुंबईहून यायचं. ते शेठजी कुलपात ठेवत आणि अत्तरासारखं काढून देत. मग मिस्त्रींनी एरंडेल भरलं. पौषातली थंडी, एरंडेल सकाळी गुळाच्या काकवीसारखं. मूठ ओढली की नांगर बाळंतीण उठते तसा कण्हत कण्हत वर यायचा. मिस्त्रींना ते पसंत पडेना. शेवटी त्यांनी घरचं करडईचं तेल भरून पाहिलं. ते पाण्यासारखं पळालं आणि नांगर झटक्यात वर आला.

आमच्या भागात करडईच्या तेलाला काय तोटा? घाण्यावर जावं आणि डबा भरून आणावा. ते आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण मिस्त्री डबा घेऊन दिसले असते तर लोकांनी विचारलं असतं. त्यांच्या बायकोला मात्र कळलंच. "भाजीला थेंब पुरवून वापरतोय आमी," ती मला म्हणाली, "अन् ह्यांचा लोखंडाचा जावई दोन डबे पितोय." पण म्हणताना हसली. त्या घरात वर्ष-दीड वर्षात कोणी हसलं नव्हतं, असं मिस्त्रींनीच मला नंतर सांगितलं.

"तेल कुटलं, ते तुमी अन् मी," मिस्त्रींनी मला बजावलं. "तिसरा कान नको." मी मान हलवली. मोठ्या माणसाच्या गुपितात आपल्याला घेतलंय याचा मला अभिमानच वाटला.

नळकांड्यातल्या चामड्याच्या वाट्या राणोजी करून द्यायचा. राणोजी मोटा शिवायचा. विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची ती चामड्याची मोट. त्याच्या हातची मोट थेंब गाळत नाही अशी ख्याती होती. तो राहायचा गावाबाहेर, कातडी कमवायच्या कुंडांशेजारी. मिस्त्रींच्या शिवाशिवीत त्याच्या दारी जाणं बसत नव्हतं, म्हणून तिथंही मीच जायचो. त्याच्याकडून कातडं घ्यायचं, अक्कल घ्यायची रीत नव्हती. माझ्याकडेही नव्हती, उगाच मिस्त्रींवर कशाला ढकलू?

राणोजीनं माप बघितलं, वाटी अंगठ्यानं दाबून बघितली आणि विचारलं, "कशात चालनार हाय ही? पान्यात का तेलात?"

"तेलात."

"कुटल्या?"

मी म्हणालो, "ते मिस्त्रींना माहीत." त्यानं माझ्याकडे जरा बघितलं, मग पुन्हा कामाला लागला. माझ्या धोतराला त्या वेळी करडईच्या तेलाचा वास येत असणार. सकाळीच डबा आणला होता.

चैत्रात कुंभारीच्या एका रानात ट्रॅक्टर नेला. निम्मं गाव बांधावर जमलं होतं. मिस्त्री एकटेच चढले. मागे बैठक नाही, माणूस नाही, नुसता लटकता नांगर. पहिला तास संपला, त्यांनी मूठ ओढली आणि तीन फाळ मातीतून सळसळत वर आले. लोकांनी आरोळी ठोकली. मिस्त्रींनी ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरले, मागे गेले आणि जिथं बैठक असायची तिथल्या रिकाम्या जागेतून हात फिरवला. असा दोन-तीनदा फिरवला. लोकांना वाटलं, काही सैल झालंय का ते बघतायत. मी मान दुसरीकडे वळवली.

त्यानंतर पंधरा-सोळा दिवस रोज नांगरट चालली. आम्ही दोघं सकाळी सोलापुराहून कुंभारीला चालत जायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मिस्त्री सरळ चालतायत. वेशीपासून रानापर्यंत त्यांची मान एकदाही वळली नाही. मी काही बोललो नाही, बोललं तर पुन्हा सुरू होईल अशी भीती वाटली. एके दिवशी त्यांनी मला कानडीत एक गाणंही म्हणून दाखवलं. आवाज भसाडा होता.

सिद्रामच्या नंतर मागच्या बैठकीवर कुंभारीचाच धोंडिबा बसत असे. चाळिशीचा, हाडापेरानं मोठा, बोलणं कमी. नवा नांगर आल्यावर शेठजी म्हणाले, आता याचं काय काम? मिस्त्रींनी हट्टानं त्याला ठेवून घेतलं. नांगर वर आला की फाळात अडकलेली हरळी काठीनं, हातानं काढायची, एवढं काम त्याला दिलं. धोंडिबाला ते फारसं रुचलं नव्हतं. "आदी बसून खात हुतो, आता वाकून," असं तो म्हणायचा. पण करायचा.

मग इंजिनचा एक भाग जळला. तो मुंबईला धाडला आणि बारा दिवस ट्रॅक्टर रानातच उभा राहिला. वैशाखाचं ऊन. लोखंडाला हात लावला तर कातडं चिकटावं असं. भाग परत आला त्या सकाळी मिस्त्रींनी नळकांड्याला तेल पुरवणाऱ्या टाकीचं झाकण काढलं. मी शेजारीच होतो. तेलाचा रंग पाकासारखा झाला होता आणि वर जाड साय धरली होती.

"मिस्त्री, हे दाट झालंय."

त्यांनी बोटानं साय बाजूला केली, ते बोट उन्हात धरून बघितलं. "मुरलंय," ते म्हणाले. "लोनचं मुरतंय तसं. आता वंगन बेस हुईल." त्यांनी तेल फडक्यातून गाळून पुन्हा भरलं. मला पटलं. पाणी साबणानं सुधारतं तर तेल उन्हानं का सुधारू नये? आम्हा दोघांनाही पाण्याची अक्कल होती, तेलाची नव्हती.

तीन-चार फेऱ्या झाल्या. नांगर जरा आळसावल्यासारखा वर येत होता, पण येत होता. मग एका टोकाला वर आला तो आलाच. ट्रॅक्टर वळला, मिस्त्रींनी मूठ पुढे ढकलली, नांगर खाली येईना. पुन्हा ढकलली. अधांतरीच. फाळांमध्ये हरळीचं भलंमोठं जाळं अडकलं होतं. त्यानंच लोखंडी हात धरून ठेवले असणार, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. मी दहा पावलांवर बांधावर होतो.

मिस्त्री पूर्ण मागे वळून बसले होते. धूळ खाली बसली होती, इंजिन मंद होतं, आवाज ऐकू जात होता. सगळं स्वच्छ दिसत होतं. हे मी मुद्दाम सांगतोय.

"धोंडिबा," मिस्त्री म्हणाले, "बग की जरा, काय आडकलंय."

धोंडिबानं हात घातला.

नांगर कशानं अडकला होता ते आता कोणीही सांगेल. मूठ पुढे गेली तेव्हाच आतला जोर निघून गेला होता. नांगर उचलून धरला होता तो फक्त नळकांड्यात चिकटून बसलेल्या चामड्याच्या वाटीनं, आणि चामडं किती वेळ धरणार? ते एकदम सुटलं. तीन फाळ धोंडिबाच्या उजव्या हातावर बसले.

आम्ही त्याला बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. हात मनगटाच्या वरून काढावा लागला. मिस्त्री आमच्याबरोबर आले नाहीत. गाडी रानाबाहेर पडताना मी बघितलं, ते तसेच ट्रॅक्टरवर मागे तोंड करून बसलेले होते. शेतकऱ्यानं मला नंतर सांगितलं की दिवस मावळेपर्यंत ते उतरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नळकांडं उघडलं. फाटलेली वाटी फडक्यात गुंडाळली आणि मला म्हणाले, "राणोजीचं घर दावा." मी पुढे, ते मागे. कातडी कमवायच्या कुंडांचा वास सुरू झाला तरी त्यांनी नाकाला उपरणं लावलं नाही.

राणोजीनं वाटी हातात घेतली, हुंगली, दोन बोटांत चोळली. "करडई?" त्यानं विचारलं.

मिस्त्रींनी मान हलवली.

"करडई तापिवली की तिचं रोगन हुतं, मिस्त्री. आमी ते मोटंला लावतो, पानी मुरू नाय म्हनून. ऊन लागलं की चिकटून दगड हुतं. आमची बारकी पोरंबी सांगतील." मग तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मी इचारलं हुतं की."

मी खाली बघत राहिलो. तो शब्द माझ्या जिभेवर होता. एक शब्द, चार अक्षरं. एका माणसाचा हात वाचवायला तेवढी पुरली असती आणि मी ती गिळून मोठ्या ऐटीत घरी गेलो होतो.

"काय घालाय पायजे हुतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"एरंडेल," राणोजी म्हणाला. "थंडीत जड पडतंय. पर उन्हाळ्यात लई चांगलं चालतंय. चामडं मऊ ऱ्हातंय, चिकटत न्हाय."

मिस्त्री तिथंच, ओल्या कातड्यांच्या ढिगाशेजारी खाली बसले. थोड्या वेळानं त्यांनी राणोजीच्या बायकोकडे पाणी मागितलं. ती गडबडून गेली, नवऱ्याकडे बघू लागली. तिच्या हातचं पाणी असं कोणी मागितलंच नव्हतं. तिनं तांब्या पुढे केला. मिस्त्रींनी तो तोंडाला लावून सगळा रिकामा केला.

त्यानंतर आम्ही दवाखान्यात गेलो. धोंडिबा भिंतीला टेकून बसला होता. मिस्त्रींनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. धोंडिबानं पाय मागे घेतले आणि म्हणाला, "मागं बसलो आसतो तर हात ऱ्हायला आसता की, मिस्त्री." रागानं नाही म्हणाला. उद्या बाजार आहे हे सांगावं तसं म्हणाला. रागानं म्हणाला असता तर मिस्त्री वाचले असते, असं मला अजून वाटतं.

एरंडेल भरून पुन्हा करून बघू, असं मी एकदा सुचवलं. मिस्त्रींनी ऐकूनच घेतलं नाही. शेठजींनीही सगळं काढून टाकायला लावलं. पुन्हा जुना नांगर, जुनी साखळी, जुनी चाकं. फक्त बैठक नवी करून घ्यावी लागली, कारण जुनी मिस्त्रींनी घणानं तोडली होती. पण नव्या बैठकीवर बसायला कुंभारीतून कोणी येईना, आसपासच्या गावांतूनही येईना. शेठजी वैतागले. मिस्त्री म्हणाले, "मी बसतो." शेठजींना वाटलं, दोन दिवसांचं खूळ आहे. त्यांनी मोटारीच्या अड्ड्यावरून एक ड्रायव्हर आणला. मिस्त्री मागे बसले ते बसलेच. हंगामात प्रेस, उन्हाळ्यात ती बैठक.

प्रेसमध्ये मात्र एक बदल झाला. व्हॉल्व्ह उघडायची वेळ आली की मिस्त्री दारं सताड उघडी टाकायचे आणि हमालांना बोलवायचे. "या, बगा. हितं असं घासायचं. ही वाटी अशी बसवायची. इचारा की काय इचारायचं ते." हमाल दोन मिनिटं उभे राहायचे, एकमेकांना कोपरानं ढोसायचे. "आमाला काय कळतंय त्यातलं, मिस्त्री," म्हणत एकेक जण तंबाखू मळत सटकायचा. मिस्त्री मग माझ्याकडे बघायचे. मी बसून ऐकायचो, पण मी काट्यावरचा कारकून. माझ्या हातात ती विद्या शिरणार कुठून? वीस-पंचवीस वर्षं उपरण्याखाली झाकलेली वस्तू त्यांनी उघडी केली, आणि तिला गिऱ्हाईक नव्हतं.

पुढे मी बार्शीला दुसऱ्या कारखान्यात गेलो. तीन-चार वर्षांनी तिथल्या मालकांच्या टेबलावर शेतकीचं एक इंग्रजी मासिक माझ्या हाताला लागलं. त्यात एक चित्र होतं. छोटा ट्रॅक्टर, पाठीला दोन लोखंडी हातांवर लटकणारा नांगर आणि चालवणाऱ्याच्या उजव्या हाताशी एक मूठ. मागे कोणी नाही.  मालकांना विचारून ते पान कापून घेतलं, मजकूर चार वेळा वाचला आणि पहिल्या सुट्टीला सोलापूर गाठलं.

मिस्त्री कुंभारीच्या पुढच्या एका रानात होते. मी बांधावर थांबलो. ट्रॅक्टर धुळीचा लोट घेऊन टोकाला आला. मिस्त्रींनी दोन्ही पाय रोवले, दोन्ही हातांनी दांडी ओढली आणि नांगर वर घेतला. भुवया, मिशा, विभूती, सगळं एका रंगाचं झालं होतं. मला ओळखून ते उतरले. ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं.

मी पान उलगडून धरलं. त्यांनी हात धोतराला पुसले, पण कागदाला लावले नाहीत.

"कुटलं हाय?"

"परदेशातलं."

"चालतंय?"

"चालतं म्हणतात. विकायलाही आलंय तिकडे."

ते वाकून बघत राहिले. काळं नख कागदापासून बोटभर अंतरावरून फिरत होतं. पंपावरून, नळकांड्यावरून, लोखंडी हातांवरून, नांगराच्या मागच्या मोकळ्या जागेवर आलं आणि थांबलं.

"तेल कुटलं घालत्यात?" त्यांनी विचारलं.

हे ते विचारणार, मला ठाऊक होतं. बार्शीहून येताना गाडीत मी पाचव्यांदा तेच शोधलं होतं.

"ते लिहिलेलं नाही, मिस्त्री."

"लिवाय पायजे हुतं," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, त्या चित्राकडे बघून म्हणाले. "येवडं तरी लिवाय पायजे हुतं की."

ड्रायव्हरनं हाक मारली. मिस्त्री परत गेले, बैठकीवर चढले, पाय रोवून त्यांनी दांडी धरली. मी त्यांना काहीतरी ओरडून सांगितलं, इंजिनच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही. ट्रॅक्टर सुटला आणि धुळीत आधी मिस्त्री दिसेनासे झाले. ड्रायव्हर बराच वेळ दिसत होता.